वाटेवरचे आप्पा

आप्पांना गाडी चालवता येत नाही, आणि शिकावी अशी गरजही त्यांना कधी वाटली नाही. ज्याच्याकडे गाडी आहे तो आपला माणूस, आणि आपल्या माणसाची गाडी ती आपलीच, असा त्यांचा सरळ हिशेब आहे. जळगावात आमच्या कॉलनीत कुणी नवी गाडी घेतली, की तो पेढे घेऊन आप्पांकडे जायच्या आत आप्पाच नारळ घेऊन त्याच्या फाटकात उभे असतात. नारळ फुटतो. आप्पा गाडीभोवती एक चक्कर मारतात, पुढच्या डाव्या सीटवर बसून बघतात, सीट आपल्या पायांच्या मापाने मागे सरकवून घेतात आणि म्हणतात, "झकास आहे. एकदा नानाकडे जाऊन येऊ." ती सीट त्यानंतर कुणी पुढे घेत नाही.

नाना म्हणजे आप्पांचे एस.टी.तले जुने दोस्त. धुळ्याच्या पुढे साक्री रोडला, नेरच्या अलीकडे, मळ्यात राहतात. नाना कंडक्टर होते, आप्पा वाहतूक नियंत्रक. म्हणजे बसस्थानकावर जाळीच्या खिडकीमागे बसून "जळगाव-धुळे, मार्गे पाळधी, एरंडोल, पारोळा" असं माईकवर सांगणारा जो आवाज असतो, तो आप्पांचा. उभं आयुष्य त्यांनी गाड्या वेळेवर सोडल्या. एक मिनिट उशीर झाला तर ड्रायव्हरला खिडकीतूनच झापलं. निवृत्तीच्या दिवशी महामंडळाने शाल, श्रीफळ दिलं, आणि आप्पांनी वेळ नावाची वस्तू महामंडळाकडे जमा करून टाकली. आता त्यांच्याकडे ती शिल्लक नाही.

शिल्लक आहेत ती माणसं. पाळधीचा टपरीवाला, एरंडोलचा निवृत्त ड्रायव्हर, पारोळ्याच्या पार्सल ऑफिसातला हमाल, फागण्याला कधीकाळी बसमध्ये छत्री विसरलेले एक गुरुजी, हे सगळे आप्पांच्या डोक्यात थांब्यांच्या क्रमाने लावलेले आहेत. गुरुजींची छत्री आप्पांनी जपून ठेवून परत केली होती. तेव्हापासून गुरुजी हा आप्पांचा सक्तीचा थांबा आहे.

जळगाव ते धुळे रस्ता जेमतेम 90 किलोमीटरचा. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 6, आताचा 53. क्रमांक 6 होता तेव्हा इकडे सुरत, तिकडे कोलकाता. तापी खोऱ्याची रेल्वे जळगावहून सुरतेला जाते खरी, पण अमळनेर, नरडाणा करत धुळ्याला बाजूला ठेवून जाते. धुळ्याला रेल्वेने जायचं तर चाळीसगावला जाऊन गाडी बदलायची. त्यामुळे धुळ्याला जायचं म्हणजे रस्त्यानेच जायचं, आणि रस्त्याने जायचं म्हणजे आप्पांना घेऊन जायचं.

या रस्त्याबद्दल आप्पांचं राजकीय मतही आहे. 1906 साली इंग्रजांनी अखंड खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले, पूर्वेचं ठाणं जळगावला बसवलं, पश्चिमेचं धुळ्याला. ही फाळणी आप्पांना मान्य नाही. पुढे 1998 साली नंदुरबार वेगळा जिल्हा झाला, तोही त्यांना न विचारता. "जिल्हे कितीही करा," ते म्हणतात, "सोयरीक तर तोडता येत नाही ना?" आणि काकूंच्या पिशवीतली फाईल थोपटतात.

त्या फाईलमध्ये उपवर मुलामुलींचे बायोडाटे असतात. आप्पा माणसांना भेटतात, काकू कामं उरकतात, अशी त्यांची वाटणी आहे. काकू मागच्या सीटवर बसतात. शेजारी वांग्यांचं पोतं, मांडीवर फाईल, पर्समध्ये आप्पांच्या गोळ्या, सकाळच्या, दुपारच्या आणि रात्रीच्याही. "संध्याकाळी चारला परत येऊ," असं आप्पा गाडीवाल्याला सांगत असतात तेव्हा काकू खिडकीबाहेर बघतात. रात्रीच्या गोळ्या का घेतल्या, हे त्यांना कुणी विचारू नये.

पोतं भरताच्या वांग्यांचं. मार्गशीर्ष लागला, थंडी पडली, की नानाकडे भरीत पार्टी ठरलेली. पण वांगी जळगावचीच हवीत. हिरवट-पांढरी, टपोरी, बिया कमी, आसोद्याची किंवा बामणोदची. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते जणू घरातल्या पोराला मिळाल्यासारखं आप्पा सांगत फिरत होते. धुळ्याकडे वांगी पिकत नाहीत असं नाही, पण त्या वांग्यांबद्दल आप्पा जास्त बोलत नाहीत. कुणाच्या उणिवेवर बोट ठेवू नये, एवढंच म्हणतात.

निघायची वेळ सात. सात म्हणजे आप्पा अंघोळीला जातात ती वेळ. साडेआठला गाडी बांभोरीजवळ गिरणेच्या पुलावर येते. आप्पा काच खाली करून नदीला हात जोडतात आणि पलीकडचं विद्यापीठ दाखवतात. "1990 साली झालं. आता बहिणाबाईंचं नाव आहे. शाळेत न गेलेल्या बाईचं नाव विद्यापीठाला, आहे की नाही आपला खानदेश?" हे वाक्य प्रत्येक वेळी येतं, पुलाच्या त्याच खांबाजवळ.

मग पाळधी. "फक्त चहा." टपरीवाला पैसे घेत नाही, म्हणून आप्पा त्याला वांगी देतात. मग एरंडोल. निवृत्त ड्रायव्हर ओट्यावरूनच हाक मारतो, "आप्पा, कथा चालनात?"

"नेरले. पन घाई नही," आप्पा म्हणतात.

"मंग चहा पिसन जा."

घाई नाही, हे आप्पांनी गाडीवाल्याला विचारून सांगितलेलं नसतं. चहा होतो, पोहे होतात, ड्रायव्हरच्या सुनेला नातं विचारलं जातं आणि ती काकूंच्या माहेरकडून लांबची भाची निघते. खानदेशात अर्धा तास बोललं तर कुणीही कुणाचं तरी निघतं, बोलत राहायला हवं एवढंच. भाचीला वांगी. एव्हाना कुणीतरी पांडववाड्याचा विषय काढतो, कारण एरंडोल ही महाभारतातली एकचक्रानगरी आणि बकासुराला रोज गाडाभर जेवण जायचं ते इथूनच, अशी गावाची समजूत आहे. आप्पा पोह्यांची दुसरी बशी संपवत अभिमानाने ऐकतात.

"पद्मालय वाटेवरच आहे," एरंडोल सोडताना ते सांगतात.

पद्मालय वाटेवर नाही. महामार्ग सोडून आत जावं लागतं. पण तिथे एकाच गाभाऱ्यात गणपतीच्या दोन मूर्ती आहेत, एक डाव्या सोंडेची, एक उजव्या. आणि दोन गणपती एकदम भेटत असताना सरळ पुढे निघून जाणारा माणूस आप्पांच्या मते दुर्दैवी. पारोळ्याला भुईकोट किल्ला, तोही वाटेवर. पारोळ्याहून अमळनेर, साने गुरुजींनी जिथल्या शाळेत शिकवलं ते, तेही वाटेवर. नकाशा ज्यांनी काढला त्यांनी रस्ता थोडा चुकवला, हे आप्पांचं मत ठाम आहे.

गाडीतल्या मोबाइलवरची बाई मात्र सरळच जायला सांगते. आप्पांचं आणि तिचं पटत नाही. "ही कुठल्या डेपोची?" त्यांनी पहिल्यांदा तिचा आवाज ऐकून विचारलं होतं. ती 'सरळ जा' म्हणाली की आप्पा 'डावीकडे घे' म्हणतात, आणि गाडीवाला डावीकडे घेतो, कारण बाई रागावत नाही, आप्पा रागावतात. थोड्या वेळाने बाई नवा मार्ग सांगायला लागते. "बघ, आली वळणावर," आप्पा म्हणतात.

पारोळ्याला मुक्काम लांबतो. कुणाच्या तरी दारावर जायचं असतं. गेलेला माणूस आप्पांच्या ओळखीचा असतोच असं नाही. तो ज्या गाडीने रोज जायचा, ती गाडी आप्पा सोडायचे, एवढं नातं पुरतं. तिथे चहा घ्यायचा नसतो, म्हणून आप्पा शेजारच्या घरी घेतात. शेजारच्या घरात लग्नाचा मुलगा असतो. काकूंची फाईल उघडते. वांगी दिली जातात.

चौपदरीकरण झालं तेव्हापासून आप्पा थोडे खिन्न आहेत. तरसोद ते फागणे हे काम इतकी वर्षं रेंगाळलं की तेवढ्या काळात खड्ड्यांशीही त्यांची ओळख झाली होती. रस्ता झाला आणि गाड्या गावांच्या डोक्यावरून, बगलेतून, सरळ निघून जायला लागल्या. मनात आणलं तर दीड-दोन तासांत धुळं. "दोन तासांत धुळं," आप्पा उद्वेगाने म्हणतात, "मग निघायचंच कशाला? फोन करावा." सर्व्हिस रोडला उतरायची फट कुठे आहे हे त्यांना पाठ आहे.

आप्पांचा पुतण्या फ्रान्सला, लिऑन शहरात नोकरीला आहे. तो सुट्टीत आला असताना कौतुकाने सांगत होता. खेड्यात राहणाऱ्या एका मित्राने जेवायला बोलावलं. तीन आठवडे आधी दिवस ठरला. ताशी 130 किलोमीटरची मुभा असलेला महामार्ग, दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मळे, कुठे सिग्नल नाही. दोनशे किलोमीटर गेलो, साडेबारा म्हणजे साडेबाराला दारात, हातात वाईनची बाटली.

आप्पांनी सगळं शांतपणे ऐकलं. "वाटेत कोण भेटलं?"

"वाटेत? कुणी नाही. टोलनाका होता."

"मधे गावं नव्हती?"

"होती ना. रस्त्यापासून लांब."

"हं," आप्पा म्हणाले. "म्हणजे जेवण गरम मिळालं, एवढंच."

पुतण्या त्यानंतर सुट्टीत आला की भाड्याची गाडी घेत नाही.

धुळ्याला पोचेपर्यंत उन्हं कलतात. गाडीवाल्याच्या चेहऱ्यावरचे भाव बघून आप्पा धुळ्यात एवढाच थांबा घेतात, म्हणजे एकवीरा देवी, आणि जमलं तर राजवाडे मंडळ. इतिहासाचार्य राजवाडे गेले ते इथे धुळ्यात, 1926 च्या शेवटच्या दिवशी. त्यांनी गावोगाव हिंडून मिळवलेली कागदपत्रं जपायला पुढच्याच वर्षी मंडळ निघालं. "गावोगाव हिंडून," आप्पा पुन्हा म्हणतात, म्हणजे मुद्दा लक्षात यावा. तुरुंगाचा विषय निघाला तर आणखी दहा मिनिटं. 1932 साली विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेचा एकेक अध्याय सांगितला आणि साने गुरुजींनी तो उतरवून घेतला. "अठरा अध्याय, अठरा रविवार. तुझ्यासारखा सारखा घड्याळ बघणारा श्रोता असता तर विनोबा अर्जुनविषादयोगातच थांबले असते."

नानांचा मळा येतो तेव्हा अंधार पडलेला असतो. पांझरेच्या काठाने पाटाचं पाणी वाहत असतं. ही पूर्वापार फड पद्धतीची शेती. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, फडात सगळ्यांनी मिळून ठरवायचं तेच पीक, आणि पाणी द्यायला गावानेच नेमलेला पाटकरी. कुणाच्या शेताला आधी, कुणाच्या नंतर, हे ठरलेलं. पुढच्याने मागच्याला टाकून जायची सोयच नाही. आप्पांना हा गाव का आवडतो ते इथे कळतं.

"या आप्पा, बठा," नाना म्हणतात. उशीर का झाला असं विचारत नाहीत. जेवायचं निमंत्रण दुपारचं असतं, पण चूल पेटलेली नसते. नाना कंडक्टर होते, आप्पांची गाडी कधी लागते याचा त्यांचा अंदाज पक्का आहे. आप्पा ऐटीत पोतं उतरवतात. पोतं हाताला हलकं लागतं. पाळधी, एरंडोल, पारोळा, फागणे आणि धुळे मिळून तळाला जी उरलेली असतात ती चार वांगी.

नाना काही बोलत नाहीत. गोठ्यामागून स्वतःच्या शेतातली वांगी भरलेली पाटी येते. पऱ्हाटीच्या काड्यांचा जाळ होतो, वांगी खरपूस भाजली जातात, साल निघते, बडगीत हिरवी मिरची आणि लसूण घालून ती ठेचली जातात. वरून तेलाची फोडणी, कांद्याची पात, शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी. आप्पा पहिला घास घेतात, डोळे मिटतात आणि गाडीवाल्याला म्हणतात, "बघ. जळगावचं वांगं ते जळगावचं." नाना मान डोलावतात. इतकी वर्षं ते मान डोलावत आले आहेत. मैत्री म्हणजे काय, हे त्या मानेकडे बघून कळतं.

निघताना नाना डिकीत कांद्याची गोणी आणि शेंगांचं पोतं टाकतात. जळगावला पोचेपर्यंत त्याचं काय होतं, ते सांगायला नको. रात्री अकराला फागण्याच्या गुरुजींना उठवून शेंगा देणारा माणूस दुसरा कुठे असणार? गुरुजीही कुरकुरत नाहीत, चहा टाकतात. मागच्या सीटवर काकू रात्रीची गोळी काढतात.

आप्पांबरोबर गेलेला प्रत्येक गाडीवाला परत आल्यावर पुन्हा कधीही जाणार नाही अशी शपथ घेतो. पुढच्या महिन्यात त्याच्या मुलीचं स्थळ पारोळ्याहून चालून येतं, किंवा त्याची गाडी रात्री एरंडोलला बंद पडते आणि एक निवृत्त ड्रायव्हर बनियनवर धावत येतो. मग तो शपथ विसरतो आणि डावी सीट मागेच ठेवतो. खानदेश दोन तासांत ओलांडता येतो, यात शंका नाही. ओलांडणाऱ्यांनी खुशाल ओलांडावा. ज्यांना पोचायचं असेल, त्यांनी आप्पांना सोबत घ्यावं, दुसऱ्या दिवशीची रजा आधीच टाकावी, आणि वांगी हिशेबापेक्षा दहा किलो जास्त घ्यावीत.