तीन शून्यांचा बंदोबस्त

सेवापूर्ती समारंभात शाल, श्रीफळ आणि हार झाले की साहेबांच्या हाती नवी कोरी ब्रीफकेस ठेवली जाते. ज्या दिवशी ऑफिसला जाणे संपते, नेमकी त्याच दिवशी ऑफिसला न्यायची बॅग मिळते. टाळ्या पडतात, फोटो निघतो आणि हसू कुणालाच येत नाही. अशा वातावरणात नांदेड-लातूरच्या तरुण कर्मचाऱ्यांना प्रश्न पडला आहे, की पुरुषाने कामावर जाताना ब्रीफकेस न्यावी का? प्रश्न गंभीर आहे. पुरावे तपासल्याशिवाय निकाल देणे योग्य नव्हे.

विरोधातला पुरावा भक्कम आहे. मोटारसायकलच्या टाकीवर ब्रीफकेस आडवी ठेवली तर हँडल वळत नाही आणि मांडीवर धरली तर ब्रेक दाबता येत नाही. काळी-पिवळीत ती मांडीवर घ्यावी तर शेजारच्याच्या बरगडीत तिचा कोपरा रुततो. डबा तिच्यात आडवा राहतो, म्हणून चटणी-भाकरी जमते, वरण जमत नाही. पाण्याची बाटली उभी राहतच नाही. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे बाटलीला जागा नसलेली बॅग हातात घेऊन हिंडायला वेगळेच धाडस लागते. खुद्द देशाचा अर्थसंकल्पसुद्धा २०१९ मध्ये ब्रीफकेसमधून निघून लाल कापडात गेला आणि २०२१ मध्ये टॅबलेटवर. अर्थसंकल्पाचे तिच्यावाचून अडले नाही, तिथे आवक-जावक विभागाचे अडेल असे मानायला आधार नाही.

तरी तिच्या बाजूने एक मुद्दा उरतोच, तो कुलपाचा. ब्रीफकेसला दोन खटके आणि प्रत्येक खटक्याला आकड्यांच्या तीन चकत्या असतात. एका खटक्याच्या हजार जोड्या, दोन्ही मिळून दहा लाख. या दहा लाखांतून आपल्याकडे एकच जोडी निवडली जाते : ०००, ०००. कारखान्यातून ती अशीच येते आणि निवृत्तीपर्यंत अशीच राहते. नवे महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावर ज्या दोन शहरांचे वर्षानुवर्षे जमले नाही, त्यांचे या शून्यांवर मात्र संपूर्ण एकमत आहे. कारण उघड आहे. आकडा बदलायचा तर आतली बारीक कळ सरकवावी लागते, नवा आकडा ठरवावा लागतो आणि पुढे तो लक्षातही ठेवावा लागतो. तिन्ही कामे स्वतः करायची असल्याने ती प्रलंबित राहतात आणि शिपायाला सांगावीत तर गोपनीयता जाते. एखादा धीट माणूस मुलाची जन्मतारीख लावतो. मग ती आठवेना म्हणून भर कचेरीतून घरी फोन करतो आणि पलीकडून ती तारीख, दोन शेलक्या शब्दांसह, स्पीकरवर सगळ्या विभागाला कळते. त्यापेक्षा शून्य बरे. पण शून्य असले म्हणून विधी चुकत नाही. बॅग टेबलावर आडवी होते, चकत्या मुळात शून्यावरच असतात तरी अंगठ्याने पुढे नेऊन परत शून्यावर आणल्या जातात, मग दोन्ही खटके एकदम ‘खट्ट’. अर्ज घेऊन समोर उभा असलेला माणूस त्या आवाजाने दचकून पाऊलभर मागे सरतो. झाकण उभे राहते आणि त्याला साहेबांचे फक्त कपाळ दिसते. आपल्या प्रकरणाचाच अभ्यास चाललाय, या समजुतीने तो हात जोडतो. झाकणाआड असतो डबा, दस्ती, चष्म्याचे घर, रक्तदाबाची गोळी, सुपारीची डबी आणि कालचा पेपर, कोडे अर्धे सोडवलेला. दहा लाख जोड्यांचा बंदोबस्त शेंगदाण्याच्या चटणीला!

यावर आक्षेप येईल, की ब्रीफकेसमध्ये महत्त्वाचे कागद राहतात, त्यांना घडी पडत नाही. मान्य. पण महत्त्वाचे कागद आहेत कुणाजवळ? ते समोर उभ्या असलेल्या माणसाजवळ आहेत, वायरच्या पिशवीत. सातबारा, आठ-अ, फेरफार, उत्पन्नाचा दाखला, पासबुक, आधारच्या झेरॉक्स तीन प्रतींत आणि वर दोन फोटो. २०२३ मध्ये निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मराठवाड्यातली माणसे पणजोबांच्या नावाचे मोडी-उर्दूतले कागद पिशवीत घालून दारोदार फिरली. हात लावला तर तुकडा पडेल असे ते कागद, पण त्यांना ना कडक झाकण होते ना कुलूप. डिजिटल सहीचा सातबारा आज १५ रुपयांत मोबाइलवर निघतो, कायद्याने चालतो, टेबलावरच्या संगणकावर बसल्याजागी दिसतो. तरी खिडकीतून हुकूम येतो, ‘झेरॉक्स आणा.’ आणली की, ‘सही राहिली.’ सही केली की, ‘साहेब मीटिंगला गेले.’ लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ मध्ये झाला, कोणती सेवा किती दिवसांत द्यायची ते लिहून झाले. २०२० मध्ये आठवडा पाच दिवसांचा झाला, त्याची अंमलबजावणी मात्र पहिल्या शनिवारपासून चोख झाली. मुखेडचा शेतकरी नांदेडला आणि निलंग्याचा लातूरला येतो तो मजुरी बुडवून, दोन्हीकडचे भाडे भरून, एका शिक्क्यासाठी. आणि आपण इथे चर्चा करतो, की मीटिंगला गेलेल्या साहेबांच्या हातात काय शोभते! डबा वाहणाऱ्याने कागद वाहणाऱ्याला चार वेळा परत पाठवायचे, यात शोभण्यासारखे काय आहे? याची लाज वाटली पाहिजे, आणि ती कोणत्याच बॅगेत मावू नये.

तरुण मंडळी म्हणतील, आमचा यात काय दोष, आम्ही केव्हाच सॅक घेतली. लातूरच्या ट्यूशन एरियात पाठीला लागलेली सॅक नोकरीतही सुटली नाही, हे खरे. सॅकचे गुणही मान्य केले पाहिजेत. दोन्ही हात मोकळे राहतात, बाटलीला बाजूला जाळीचा कप्पा असतो आणि तोंडाआड झाकण उभे राहत नाही, त्यामुळे अर्जदाराला निदान पूर्ण चेहरा दिसतो. पण त्या चेहऱ्यातून निघणारे वाक्य तेच असेल, तर सुधारणा झाली ती फक्त पाठीच्या कण्याच्या बाजूने, आणि तीही मणक्याच्या डॉक्टरांना विचारूनच मान्य करावी. राहता राहिला पुरुषांना काय शोभते हा मुद्दा. त्याच कचेरीतल्या बाई एका खांद्यावरच्या पर्समध्ये डबा, छत्री, मुलाची वही आणि फाइल घेऊन वेळेवर हजर होतात. त्यांच्या बॅगेच्या शोभेवर चर्चासत्र कुणी घेत नाही.

तेव्हा निकाल असा, की जपण्यासारखे कागद ज्याच्याजवळ आहेत, त्याला ब्रीफकेस शोभते. आज ते अर्जदाराजवळ आहेत, सबब बॅगेवर पहिला हक्क त्याचा. साहेबांना डब्यासाठी कापडी पिशवी पुरेशी आहे. ही वाटणी ज्यांना पटत नसेल त्यांनी खुशाल ब्रीफकेस न्यावी, सॅक न्यावी, नाहीतर रिकाम्या हाताने जावे. फक्त समोरच्याचा सातबारा टेबलावरच्या संगणकावर उघडून बघावा आणि त्याला झेरॉक्स मागू नये.