कंपनीची की चालू?

सांगवीकराला ‘ओरिजिनल की लोकल’ हा वाद नवा नाही. मुळा ओलांडली की औंध, पवना ओलांडली की दापोडी आणि तिथून पुढे भोसरीच्या शेडपर्यंत सगळा मुलूख सुट्या भागांचा. आमच्या सोसायटीत दर मजल्यावर एक तरी माणूस असा, जो दिवसभर कुठला ना कुठला पार्ट बनवतो, मोजतो किंवा रिजेक्ट करतो. अशा वस्तीत कॅमेऱ्याची जादा बॅटरी घेणं ही खासगी बाब राहत नाही.

निमित्त मेहुण्याच्या लग्नाचं. फोटोग्राफर ठरला होता, ड्रोनवाला ठरला होता, तरी सासूबाईंनी जाहीर केलं, “त्यांचे ते पोज देऊन काढलेले असतात. जावईबापू आपले साधे काढतील.” जावयाला मान म्हणून दिलेलं काम नेहमी बिनपगारी असतं. त्यात माझा कॅमेरा मिररलेस. जुन्या डीएसएलआरमध्ये डोळा लावून नुसतं बघायला वीज लागत नसे, कारण आत आरसा असे. आता सेन्सर आणि छोटा पडदा सतत जागे. त्यामुळे नवरदेवाची वाट बघायलाही बॅटरी खर्च होते. आणि वरात किती वेळ पारावरच नाचत राहील, याचा हिशेब जपानमधल्या कुठल्याच इंजिनिअरने केलेला नाही.

बुधवार पेठेतल्या दुकानदाराने मान वर न करता विचारलं, “कंपनीची दाखवू का चालू?”

कंपनीची पाच-सहा हजारांच्या घरात. चालू हजाराच्या अलीकडे-पलीकडे. “सगळे शूटिंगवाले हीच नेतात, साहेब.” गॅरंटी? “माझी.” बिल? “कशाला?”

चालू बॅटरीवरचा मजकूर मात्र वाचनीय होता. कॅननची एलपी-ई६ ही बॅटरी २००८ साली आली, तेव्हा तिची क्षमता १८०० एमएएच होती. त्याच आकारात २१३० पर्यंत पोचायला २०२० साल उजाडलं. बारा वर्षांत वाढले ३३०. दुकानातल्या बॅटरीने एका स्टिकरच्या जोरावर थेट २६०० गाठले होते. खाली ठळक अक्षरांत ‘फुली डिकोडेड’. म्हणजे आतली चिप कॅमेऱ्याशी बोलेल, किती टक्के उरलेत ते खरं सांगेल, असं आश्वासन. ते नेहमी पाळलं जातंच असं नाही. ‘चार्ज भरपूर आहे’ असं दाखवत दाखवत एखादी चालू बॅटरी ऐन अंतरपाट दूर होताना डोळे मिटते.

दोन्ही बॅटऱ्या ‘आवडली नाही तर परत’ या बोलीवर घरी आल्या आणि खालच्या मजल्यावरचे काका व्हर्निअर घेऊन वर आले. भोसरीतल्या एका वेंडरकडे क्वालिटीत आयुष्य घालवलेला माणूस. त्यांनी आधी दोन्ही बॅटऱ्या किचनमधल्या वजनकाट्यावर ठेवल्या. चालू हलकी भरली. “वजन कमी म्हणजे आत माल कमी.” मग व्हर्निअरचे जबडे कडेला, मध्ये, परत कडेला लावले. “मध्ये फुगीर आहे. उन्हात अजून फुगली की कॅमेऱ्यातून चिमट्याने ओढून काढशील.”

“म्हणजे ओरिजिनलच घ्यायची ना, काका?”

“अरे, ओरिजिनल म्हणजे काय? आमच्याच शेडमधला पार्ट. कंपनीच्या डब्यात गेला की ओरिजिनल, मागच्या दाराने गेला की लोकल. पण डब्यात जायच्या आधी तो दहा जणांनी मोजलेला असतो. जादा पैसे त्या मोजण्याचे.”

बायकोला हे पटलं नाही. “माझ्या बीपीच्या गोळ्या जेनेरिक चालतात, मग तुमच्या बॅटरीला काय सोनं लागलंय?” मुद्दा बिनतोड वाटला, त्यातून बोलणारी पिंपरीची. १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली त्या गावची. पण गोळीत किती औषध हवं, हे फार्माकोपियात लिहिलेलं असतं आणि ते पाळावं लागतं. बॅटरीला तसा ग्रंथ नाही. लिथियम बॅटरीला आपल्याकडे बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. आयएस १६०४६ हा क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी नंबर तिच्यावर हवा. पण ते मानक सुरक्षिततेचं. बॅटरी पेटू नये एवढं ते बघतं. ती सप्तपदीपर्यंत टिकेल का, हे विचारत नाही.

काही कॅमेरे मात्र विचारतात. अनोळखी बॅटरी घातली की पडद्यावर प्रश्न येतो, हिच्यावर आमच्या कंपनीचा लोगो आहे का? पत्रिका, गोत्र, देवक सगळं बघून झाल्यावर लग्नमंडपात कॅमेराही कुळ विचारतो. आपण बेधडक ‘हो’ म्हणायचं. तो तपासत नाही, कामाला लागतो. बोहल्यावरही चौकशी साधारण इतपतच होते.

या सगळ्या खलात खरा दगाबाज बाजूलाच राहिला होता. तो म्हणजे ‘कंपनीची’ म्हणून अर्ध्या किमतीत मिळणारी नक्कल. तोच लोगो, तोच डबा, वर चकाकता होलोग्राम. चालू बॅटरी निदान स्वतःच्या नावाने दुकानात बसते. बिघडली तर शिव्या कुणाला घालायच्या ते कळतं. नकली माल दुसऱ्याचं नाव लावून येतो. काकांचा सगळा राग याच्यावरच. “लोकल पार्टने गाडी बंद पडते. नकली पार्टने माणूस अडकतो, कारण तो ओरिजिनलच्या भरवशावर घाटात गेलेला असतो.”

तेव्हा निकाल असा. जो क्षण परत येणार नाही, त्यासाठी कंपनीची बॅटरी, अधिकृत दुकानातून, पक्क्या बिलावर. नदीकाठच्या बगळ्यांसाठी आणि बारशाच्या जादा फोटोंसाठी चालू बॅटरी खुशाल घ्या, पण बीआयएसचा नंबर बघून. आणि फुगली की त्याच दिवशी ई-कचऱ्यात द्या. विमानाने जाणार असाल, तर सुटी बॅटरी कुठल्याही कुळातली असो, हातातल्या बॅगेतच ठेवा. आणि ओरिजिनल बॅटरी कुणी अर्ध्या किमतीत देत असेल, तर त्याला नमस्कार करा आणि पुढचं दुकान बघा.