अप्पांची गॅप

अप्पांना कुणी व्हिजिटिंग कार्ड दिलं, तर ते वाचत नाहीत. अंगठा आणि तर्जनीत धरून चोळतात. "बारीक आहे," म्हणून परत करतात. देणारा विमा एजंट बिचारा पॉलिसी नापसंत पडली असं समजून पुढच्या घरी जातो.

हे अप्पा तुमच्याही गल्लीत असतील. आमचे सुरतेत, उधन्याला असतात. खानदेशातून आलेले, यंत्रमागांच्या सुट्या भागांचा धंदा मुलाच्या हाती सोपवलेले. दारात १९७४ ची प्रीमिअर पद्मिनी: कुर्ल्याची, १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगला. बॉनेट बहुधा उघडं.

कार्ड लागतं ते डिस्ट्रिब्युटरमधल्या सीबी पॉईंटसाठी. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेतं, तेव्हा हा पॉईंट ६,००० वेळा उघडतो-मिटतो. घासतो, जळतो, त्याला खड्डे पडतात. पॉलिश पेपर मारून गॅप पुन्हा लावावी लागते, अर्ध्या मिलिमीटरला जराशी कमी. फीलर गेज अप्पांकडे आहे. तेल लावून डब्यात जपलेलं. गॅप मात्र कार्डानेच.

रिंग रोडच्या कापडबाजारातली कार्डं त्यांच्या मते लुळी. हिऱ्याच्या दलालाचं सोनेरी काठाचं कार्ड भलतंच जाड: "ह्यावर गॅप लावली तर प्लग संपावर जातील." एका भाच्याच्या लग्नाची कंकोत्री मात्र त्यांनी तीनदा चोळली, खूश झाले आणि थेट डिस्ट्रिब्युटरात घातली. तारीख वाचायची राहिली. लग्न चुकलं, पण गाडी त्या महिन्यात सुरेख चालली.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचं पाणी सोडल्यावर तापी शहरात शिरली. लोकांनी कागदपत्रं आणि दागिने माळ्यावर चढवले, अप्पांनी डिस्ट्रिब्युटर.

शेवटी जावई इलेक्ट्रॉनिक किट घेऊन आला. त्यात पॉईंट आणि कंडेन्सर निघतात. रोटरखाली चुंबकाची कडी बसते आणि शेजारचा सेन्सर तिच्यावरून कॉईलला इशारा देतो. घासायला काही नाही, म्हणून गॅपही नाही. हॉल नावाच्या अमेरिकनाने या सेन्सरमागचं तत्त्व १८७९ मध्येच शोधलं होतं, हे ऐकूनही अप्पा हलले नाहीत. "फियाटनेच १९६८ च्या सुमारास डिनो गाडीत इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिलं होतं," म्हटल्यावर हलले. पद्मिनी मूळची फियाटचीच. माहेरचाच दाखला निघाला, आता बोलणार काय?

किट तासाभरात बसलं. गाडी अर्ध्या चावीत सुरू झाली आणि सकाळची गंमत गेली. पूर्वी धक्का मारायला शेजारची पोरं यायची, पानवाला यायचा, तोच विमा एजंटही बाही सरसावायचा. मग अप्पांकडून सगळ्यांना लोचो आणि चहा. आता गाडी मुकाट्याने निघून जाते आणि फुटपाथवर कुणी थांबत नाही. माणूस भयंकर कटकट्या. पण त्या धक्क्यांच्या निमित्ताने आम्ही अर्धी गल्ली एकमेकांना नावानिशी ओळखू लागलो, हे कबूल केलं पाहिजे.

काढलेले पॉईंट अप्पांनी डिकीत ठेवलेत, त्या कंकोत्रीत गुंडाळून. हा हळवेपणा नाही. पॉईंट खोकत, कुरकुरत का होईना, घरापर्यंत आणतो. मॉड्यूल गेलं की जागच्या जागी गेलं.

जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांपुढच्या, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसलेल्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. पद्मिनीची पन्नाशी भरल्यापासून अप्पांना एकच घोर: चुंबकाची कडी हा मोठा फेरफार धरतील काय? दुसऱ्या अटीची त्यांना फिकीर नाही. अशा नंबराची गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. रॅली सोडली, तर अप्पांची पद्मिनी गेली वीस वर्षं याच कामांसाठी बाहेर पडते आहे.