मानी

परगावाहून येऊन पंचवटीत बिऱ्हाड थाटणाऱ्या पहिल्या कुटुंबाची नोंद प्रत्यक्ष प्रभू रामचंद्रांच्या नावे आहे, आणि त्यांची ओळख करून घ्यावयास आपण होऊन गेलेल्या पहिल्या स्थानिक स्त्रीचे नाक कापले गेले, त्यावरूनच गावाला नाशिक हे नाव पडले, असे सांगतात. (शूर्पणखेची जबानी कोणी घेतल्याचे ऐकिवात नाही.) हा पूर्वेतिहास ध्यानात घेता, १९४८ च्या आषाढात देवळालीच्या निर्वासित छावणीतून एक सिंधी कुटुंब काळारामामागच्या आमच्या वाड्यात दोन खणांत राहावयास आले, तेव्हा आमच्या आत्याबाईंनी नाक केवळ मुरडले, ही मी नाशिकची भरीव प्रगतीच समजते.

त्या बिऱ्हाडातली माझ्याच वयाची, म्हणजे दहा वर्षांची, मुलगी पहिल्याच दिवशी चुलीकडे बोट दाखवून मला म्हणाली, ‘‘मानी?’’ मी आत्याबाईंच्या तालमीत वाढलेली. ताठ मानेने उत्तरले, ‘‘हो तर! आमच्या घरी सगळेच मानी.’’ सिंधीत मानी म्हणजे पोळी, आणि आमचे सबंध घराणे भुकेले असल्याचा हा कबुलीजबाब तिच्या आईपुढे तत्काळ रुजू झाला, हे दुसऱ्या दिवशी कांदा-मिरची घालून भाजलेल्या जाडजूड कोकींची चळत दारात आली तेव्हा उमगले. चातुर्मासात कांदा! आत्याबाईंनी ताट उंबऱ्याबाहेरच थोपवले. परंतु जे नाक मुरडण्याच्या कामी इतके इमानी, तेच त्या खमंग वासाला फितूर झालेले मी या डोळ्यांनी पाहिले. चळत आम्ही दोघींनी रामकुंडाच्या पायऱ्यांवर बसून संपवली.

पुढे आमची एकच पाटी झाली. तिच्या बावन्न अक्षरांची फौज उजवीकडून निघे, माझी बाराखडी डावीकडून, आणि मधोमध गाठ पडली की हद्दीचा तंटा. मी रेघ मारी. ती काही न बोलता बोटाने पुसून टाकी. तिचे नववर्ष, चेटीचंड, बहुधा आमच्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी येते, हे ऐकून, कराचीहून बोटीने यावयाचे म्हणजे तेवढा उशीर व्हायचाच, असा निर्वाळा मी वर्गात देऊन टाकला होता.

कार्तिकी एकादशी उलटली, द्वादशीचे पारणे झाले, आणि तिसऱ्या प्रहरी आत्याबाईंनी मला माजघरात बोलावून, दार लोटून घेऊन, हलक्या आवाजात फर्मावले, ‘‘तुझ्या त्या मैत्रिणीला जरा कळवून ये, म्हणावं आम्ही अजून मानीच आहोत.’’