ट्रायलकाका

मनवेलपाड्यातल्या कुठल्याही सोसायटीत चौकशी करा. एक सेक्रेटरी सापडेल, त्याच्याशी न बोलणारा एक माजी सेक्रेटरी सापडेल आणि एक ट्रायलकाका सापडेल. पहिले दोघे निवडून आलेले असतात. ट्रायलकाका स्वयंभू असतो.

आमच्या बिल्डिंगमधले दुसऱ्या मजल्यावर राहतात. चर्चगेटच्या एका कंपनीत हिशेब लिहीत, विरार फास्टने जात-येत, रीतसर निवृत्त झाले. पैशाची ददात म्हणाल तर अजिबात नाही. पण एखादी गोष्ट सरळ पैसे टाकून घेणं हा त्यांच्या लेखी बुद्धीचा पराभव. आंबेवाल्याकडे एक फोड, फरसाणवाल्याकडे चिमूटभर शेव, योगवर्गाचे पहिले तीन मोफत दिवस, असं करत त्यांनी अर्धी विरार पूर्व चाखून ठेवली आहे. चौथ्या दिवशी योगवाले वाट बघत बसतात. काका तोवर तलावाकाठी दुसऱ्या कुणाच्या तरी मोफत प्राणायामात असतात.

या साधनेचं मुख्य पीठ म्हणजे त्यांचा घरचा कॉम्प्युटर. असेंबल केलेला, अंगात विंडोज सेव्हन, मॉनिटरवर काकूंनी शिवलेलं झालरीचं कव्हर. त्यावर काका फोटो एडिट करण्यासाठी एक परवडणारं सॉफ्टवेअर निवडत आहेत. 'निवडत आहेत' हा चालू वर्तमानकाळ आहे आणि तो बराच लांबला आहे.

निमित्त अण्णांचा फोटो. अण्णा म्हणजे काकांचे वडील, लालबागला गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातली कितीतरी बिऱ्हाडं एकेक स्टेशन ओलांडत इकडे सरकली, त्यात हेही आले. ट्रंकेच्या तळाशी अण्णांचा एकुलता एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो होता. वसई-विरारच्या पावसाने त्याचा पाहुणचार केला. गालावर बुरशीचा पांढरा डाग पडला आणि नाकावरून आडवी घडी गेली. दर पितृपक्षात तो बाहेर निघतो आणि काका जाहीर करतात, "यंदा अण्णांना साफ करायचंच. फक्त सॉफ्टवेअर ठरू दे."

नाक्यावरच्या स्टुडिओवाल्याने या कामाचे तीनशे रुपये सांगितले होते. "तीनशे? अहो, तेवढ्यात तर..." तेवढ्यात काय येतं हे शोधायला काका बसले, ते अजून उठलेले नाहीत.

सुरुवात झाली पिकासापासून. गुगलने २००४ साली ते विकत घेतलं आणि फुकट वाटलं. एक बटण दाबलं की फोटो उजळायचा. काका खूश होते, पण घडी काही जाईना. मग फोटोशॉप. जगात ते १९९० साली आलं. काकांकडे ते लॅमिंग्टन रोडवरून, ट्रेनच्या ग्रुपमधल्या एकाच्या हातून आलं, मार्करने 'ऑल इन वन' लिहिलेल्या सीडीवर. आत २००२ सालचं फोटोशॉप सेव्हन, एक अँटिव्हायरस आणि त्या अँटिव्हायरसला पुरून उरलेला व्हायरस. आठवडाभरात कॉम्प्युटर आडवा झाला. तेव्हापासून काकांनी चोरीचा माल सोडला आणि ते ट्रायलला लागले. ट्रायल म्हणजे कायदेशीर फुकट. खुद्द कंपनीच हात जोडून म्हणते, तीस दिवस वापरा.

एकतिसाव्या दिवशी काय करायचं, हा प्रश्न तुम्हा-आम्हाला पडतो. काकांनी कॉम्प्युटरची तारीख महिनाभर मागे नेली. सॉफ्टवेअर फसलं. मग आणखी मागे, आणखी मागे. अशा रीतीने मनवेलपाड्यात पावसाळा कोसळत असताना काकांच्या कॉम्प्युटरमध्ये मागच्या वर्षीची होळी चालू असायची. पण तारीख चुकली की ब्राउझर बिथरतो. त्याला समोरच्या साइटचं प्रमाणपत्र खोटं वाटतं आणि तो दार लावून घेतो. बँक उघडेना, विजेचं बिल भरता येईना. तीस दिवसांचं सॉफ्टवेअर वाचवण्यासाठी काका भर उन्हात बिलाच्या रांगेत उभे राहिले, आणि तिथेही विजयी मुद्रेने.

पुढे सॉफ्टवेअरवाले शहाणे झाले. त्यांनी दिवस मोजणं सोडून फोटोवरच शिक्का मारायला सुरुवात केली. मुलीच्या साखरपुड्याचे फोटो काकांनी मोठ्या हौसेने उजळले आणि व्याह्यांना पाठवले. जावयाच्या छातीवर, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत, 'ट्रायल व्हर्जन' असं लिहिलेलं. व्याह्यांचा फोन आला. काकूंनी तो घेतला आणि त्या रात्री काका गॅलरीत जेवले.

अडोबीने २०१३ साली जाहीर केलं, की फोटोशॉपच्या पुढच्या आवृत्त्या आता एकरकमी विकणार नाही, वर्गणी भरत राहायची. काका गरजले, "भाडं? चाळ सोडून विरारला ओनरशिपमध्ये आलो, ते काय आता कॉम्प्युटरचं भाडं भरायला?" मला वाटतं, त्या कंपनीच्या धोरणावर यापेक्षा नेमकी टीका कुणी केली नसेल.

सी विंगमधल्या इंजिनिअरिंगच्या मुलीला हे सगळं बघवेना.

"काका, गिम्प घ्या ना. फ्री आहे."

"किती दिवस?"

"कायमचं."

काका खुर्चीत सावरून बसले. "मग त्यांना काय मिळतं?"

तिने सांगितलं, की बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी, किंबॉल आणि मॅटिस यांनी, १९९५ साली हे सुरू केलं. आता जगभरचे लोक आपापल्या वेळेत त्यात भर घालतात आणि कुणी पैसे मागत नाही. काकांच्या चेहऱ्यावर सत्यनारायणाला बोलावून प्रसादच न दिल्याचा भाव आला. कंपनी नाही, तर मात कुणावर करायची? तारीख मागे नेली तरी काही घडत नाही, पुढे नेली तरी नाही. जे मुळातच फुकट आहे, ते फुकट मिळवण्यात कसला पुरुषार्थ?

तरी त्यांनी ते उतरवून घेतलं आणि मग खोट काढली. सेव्ह केलेली फाइल व्हॉट्सॲपवर पाठवली तर कुणाकडे उघडेना, कारण गिम्प आपल्याच एक्ससीएफ साच्यात सेव्ह करतं. जेपीजी हवं तर 'एक्स्पोर्ट' म्हणावं लागतं. हे एक सोडलं तर गुण त्यांनाही नाकारता आले नाहीत. जुन्या फोटोशॉपात युनिकोडमधलं 'हार्दिक' टाइप केलं की रफार एकीकडे आणि वेलांटी भलतीकडे. म्हणून तर नाक्यावरचे बॅनरवाले श्रीलिपीचे फॉन्ट धरून बसले. गिम्पमध्ये जोडाक्षरं सरळ उमटतात. डाग काढायला 'हील' आणि 'क्लोन' आहेत, दुसऱ्या गालावरची चांगली कातडी उचलून डागावर बसवता येते. माझं मत विचाराल तर घरच्या फोटोंना याहून जास्त काही लागत नाही.

आणि गंमत अशी, की हे मत मी काकांकडूनच घेतलं आहे. त्यांच्याकडे एक लांबट हिशेबाची वही आहे. रकाने आखलेले: नाव, किंमत, रॅम किती खातं, दिवस, शेरा. इरफानव्ह्यू, १९९६ पासून, शेरा: 'इवलंसं, फोटो छोटा करायला उत्तम'. फोटोपी, शेरा: 'ब्राउझरमध्येच चालतं, फोटो आपल्याच मशीनवर राहतो, जाहिराती सोसाव्या'. पिकासा, शेरा: 'देवमाणूस. २०१६ ला गुगलने बंद केलं'. परीक्षेच्या अर्जाला पन्नास केबीच्या आतला फोटो हवा असलेली पोरं कारगिल नगरपासून त्यांच्याकडे येतात. काका वही उघडतात आणि पाच मिनिटांत अचूक सल्ला देतात. सगळ्या बिल्डिंगचे फोटो मार्गी लागले. अण्णांचा डाग जागेवर.

कारण काकांचा जीव अडकला होता अ‍ॅफिनिटी फोटोत. २०१५ साली आलेलं, एकदाच पैसे द्या आणि वापरा, वर सेलमध्ये स्वस्त. हे मात्र घ्यायचं, असं ठरलं होतं. पण प्रत्येक सेलमध्ये काका पुढच्या सेलची वाट बघत. २०२४ मध्ये ते कॅन्व्हाने विकत घेतलं आणि २०२५ च्या ऑक्टोबरात फुकटच करून टाकलं. त्या दिवशी काका जिन्यात भेटले तेव्हा मी अभिनंदन केलं. "कसलं अभिनंदन? दहा वर्षं थांबलो मी. आता कुणालाही मिळतंय!" शिवाय विंडोज सेव्हनवर ते चालत नाही. म्हणजे सॉफ्टवेअर फुकट आणि त्यासाठी कॉम्प्युटर विकत. कॉम्प्युटरची ट्रायल मिळते का, हे ते विचारून आले आहेत.

अखेर काकूंनी परवा वही, रकाने, शेरे सगळं बाजूला सारलं आणि फोटो पिशवीत घालून स्टुडिओत नेऊन दिला. संध्याकाळी तयार. डाग गेला, घडी गेली, पण अण्णा निळा कोट आणि लाल टाय घालून बसलेले. मनवेलपाड्यातले निम्मे दिवंगत भिंतीवर याच कोटात आहेत.

काका तरातरा स्टुडिओत गेले, सोबत मीही. "अण्णांनी जन्मात कोट घातला नव्हता हो!"

"काका, सदरा पार गेलेला," स्टुडिओवाला म्हणाला, "म्हणून खालची बॉडी बदलली. फोटोशॉप सेव्हनमध्येच केलंय. कोटाचे पैसे नाही लावले, तो फ्री आहे."

काका थबकले. खुर्ची ओढून काउंटरशी बसले.

"आणखी कुठले आहेत?"

काळा झाला, तपकिरी झाला, जोधपुरी झाला. शटर अर्धं खाली आलं होतं. स्टुडिओवाल्याने तीनशेची पावती पुढे सरकवली, ती काकांनी कोपराखाली दाबून धरली आणि स्क्रीनकडे बोट केलं.

"आता एकदा फेट्यात बघू."