एवढीशी रेघ

पालक : सर, आमच्या चिरंजिवांचं उत्तर बरोबर आहे आणि तुम्ही भोपळा दिलाय.

सर : इलेक्ट्रॉनचं वस्तुमान त्यानं काय लिहिलंय? ९.१ गुणिले दहाचा ३१वा घात, किलोग्रॅम.

पालक : पुस्तकातही ९.१च आहे. मी स्वतः बघितलं.

सर : पुस्तकात दहाच्या डोक्यावर उणे ३१ आहे.

पालक : म्हणजे एवढीशी आडवी रेघ राहिली!

सर : सूर्य भरतो २ गुणिले दहाचा ३०वा घात किलो. चिरंजिवांचा इलेक्ट्रॉन सूर्याच्या पंचेचाळीसपट जड झाला. असला माल तारेतून सोडायचा, तर वायरमननं खांब रोवायचा कुठे?

पालक : घाईत राहिली असेल. पण दुसऱ्या गणितात तर रेघही नव्हती. वेग २० आलाय, पुस्तकात २०.

सर : २० काय?

पालक : २० म्हणजे २०!

सर : सेकंदाला २० मीटर म्हणजे तासाला ७२ किलोमीटर, मोटारसायकल. तासाला २० किलोमीटर म्हणजे सायकल. एकक नाही लिहिलं, तर पोरगं कशावर बसलंय हे मला कसं कळावं?

पालक : तुम्हाला कळतं हो सगळं. मुद्दाम अडवता.

सर : १९९९ साली नासाचं मंगळाकडे गेलेलं यान याच्याच पायी बुडालं. एकांनी आकडे काढले पौंडात, दुसऱ्यांनी ते न्यूटनमधले समजून वापरले.

पालक : बघा! नासाला जमेना आणि तुम्ही अकरावीच्या पोराला धरता!

सर : बरं, नासा राहू दे. माझ्या मेहुण्याला तुम्ही एक एकर विकलीत.

पालक : विकली. चाळीस गुंठे.

सर : सातबाऱ्यावर?

पालक : ०.४० हेक्टर. चाळीस आर म्हणजे चाळीस गुंठेच की. अख्खा तालुका तसंच म्हणतो.

सर : आर १०० चौरस मीटरचा, गुंठा १०१.१७चा. चाळीस आर भरतात ४,००० चौरस मीटर, एकर भरतो ४,०४७. गेली की नाही पाचशे चौरस फूट जागा?

पालक : अहो, गुंठ्यामागे एवढंसं...

सर : शहरात त्यात स्वयंपाकघरासकट संसार मांडतात. पैसे मात्र पुऱ्या एकराचे मोजून घेतलेत. तिथं कुठलीच रेघ राहिली नाही.

पालक : क्लासमध्ये जमिनीचा विषय कशाला?

सर : पहिल्याच प्रकरणातला आहे.

पालक : मेहुण्यानं पढवून ठेवलंय तुम्हाला! पोराला मी काढतोच इथनं. वर्षाची फी परत करा, बारा हजार.

सर : देतो की. बारा हजार पैसे.

पालक : सर, जिभेला आवर घाला.

सर : एककच तर राहिलं होतं.

पालक : मोजणी आणा म्हणावं मेहुण्याला! आणि मोजणीच्या आधी बांधाला हात लावला, तर गाठ माझ्याशी आहे.