तुंगार्लीत घोडं उधळलंय!

ऐकलंत का? नसेल ऐकलं तर आधी दार लोटून घ्या, मग बसा. तुंगार्लीतली चांगल्या घरची, कर्त्या वयाची माणसं घोड्यांची पुस्तकं वाचायला लागली आहेत. एकदा वाचून बाजूला ठेवली असती तर आपण कशाला तोंड वाजवलं असतं? हौस कुणाला नसते! पण ही मंडळी तीच ती पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचतात. शेवटचं पान मिटलं की पहिलं उघडतात. घरात सुना-नातवंडं असताना, ऐन चातुर्मासात, देवाधर्माचं वाचायचं सोडून!

या गावाला खुळं काय कमी आली? शनिवार-रविवार बंगले भाड्यानं देण्याचं आलं, धरणाच्या वाटेवर कणसं खात फोटो काढण्याचं आलं, बॅटऱ्या घेऊन राजमाचीला काजवे बघायला जाण्याचं आलं. त्या निमित्तानं निदान अंगाला वारा तरी लागायचा. हे नवं खूळ गोधडीत शिरून करायचं. आणि वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो तिथे पुस्तकं सांभाळणं म्हणजे काय, ते आपल्यालाच ठाऊक. आषाढात पुठ्ठ्यावर हिरवट बुरशी, श्रावणात पानं एकमेकांना चिकटलेली. तर मागच्या गल्लीतल्या वहिनी काय करतात? भाकऱ्या झाल्या की तवा उतरवतात आणि शेगडीशेजारी, ऊब लागेल पण झळ लागणार नाही अशा बेतानं, पानं पसरून ‘ब्लॅक ब्युटी’ उभं करतात. भाऊजींचे मोजे तीन दिवस ओले, पण घोडा शेकून निघालाच पाहिजे!

सगळ्या अनर्थाचं मूळ हेच पुस्तक. लिहिणारी ॲना सेवेल, इंग्लंडची. लहानपणी पडून घोटे दुखावले ते जन्माचे. चालणं अवघड, म्हणून घोड्याच्या गाडीतून फिरायची. गाडी स्वतः हाकायची. पन्नाशीत अंथरूण धरलं, आणि तिथून आयुष्यातली एकुलती एक कादंबरी लिहिली, तीही घोड्याच्या तोंडून. १८७७ साली ती छापून आली आणि पुढच्याच वर्षी बाई गेली. कादंबरीत आहे काय? एक घोडा जन्मतो, विकला जातो, पुन्हा विकला जातो, ओझी ओढतो. ना चोरटं प्रेम, ना इस्टेटीचं भांडण. तरी वहिनी तिसऱ्यांदा रडतात, आणि रडतात कशावर, तर एका वादीवर!

हो, वादीवर. त्या काळी तिकडच्या बड्या लोकांच्या गाड्यांना जुंपलेल्या घोड्यांची मान ऐटीत उंच दिसावी म्हणून एक जादा वादी आवळून बांधत. सपाटीवर ठीक, पण चढ आला की घोड्याला मान खाली घालून जोर लावायचा असतो, आणि वादी तर ती खाली येऊ देत नाही. छाती भरून येते, तोंड कापतं. हे त्या बाईनं इतकं नेमकं लिहिलं की वाचणाऱ्यांना आपल्याच दारातल्या गाडीची लाज वाटायला लागली. तिच्या चरित्रात सांगतात की तिची अंत्ययात्रा निघाली तेव्हा गाडीच्या घोड्यांना तीच वादी बांधलेली आईनं पाहिली आणि आधी ती सोडायला लावली. वहिनी इथपर्यंत आल्या की पदर डोळ्यांना. आणि समोर आपण कशासाठी गेलेलो असतो? विरजण मागायला!

नुसतं रडून भागलं असतं तरी चाललं असतं. मागे पाहुणे आले म्हणून सगळे लायन्स पॉइंटला गेले. धुकं, भजी, आणि ते प्लॅस्टिक पांघरून उभे असलेले भाड्याचे घोडे. पाहुण्यांच्या पोरानं हट्ट धरला. घोडेवाल्यानं एक पाय रिकिबीत घालून दिलाही. तेवढ्यात वहिनी पुढे. आधी घोड्याचा ओठ उचलून लगामाची कडी कुठे घासते ते बघितलं. मग तंगाखाली दोन बोटं जातात का ते बघितलं. मग खोगीर जरा उचलून पाठीवर फोड आहे का ते बघितलं. मग नाल. रांगेतली माणसं तोंडात बोटं घालून बघतायत, पोरगं अर्धं वर, अर्धं खाली. घोडेवाला शेवटी म्हणाला, “ताई, पोराला बसवायचंय का घोडा इकत घ्यायचाय?” वहिनींनी उलट त्यालाच विचारलं की मामा, दिवसाला चंदी किती घालता आणि पाणी कधी दाखवता. मामांनी सांगितलं म्हणे सगळं, चांगलं बैजवार. पण फेरी काही झाली नाही. पोर रडत घरी. वाचनानं माणूस सुधारतो म्हणतात, इथे एका पोराच्या आनंदावर पाणी पडलं त्याचं काय?

आता तुम्ही म्हणाल, इंग्रजी पुस्तकांचा दोष. नाही हो! मराठीतही सोय आहे. गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ आठवतं ना? घाटाखालच्या वरसईचे भिक्षुक, चार पैसे मिळवायला उत्तरेत गेले आणि सत्तावन्नच्या धामधुमीत झाशीत अडकले. पुस्तक आलं १९०७ मध्ये. आपण ते इतिहास म्हणून वाचलं. आमच्या बंगल्यावरच्या काकू ते वाचतात एका प्रसंगासाठी: सौदागर दोन उमदे घोडे घेऊन येतो, राणी दोन्हींवर बसून फेरफटका मारते, आणि एकाची किंमत सांगते हजार, दुसऱ्याची पन्नास. का, तर दुसऱ्याची छाती फुटलेली आहे. वरून दोघेही तसेच देखणे! काकूंनी ते पान इतक्या वेळा उघडलंय की पुस्तक हातात घेतलं तरी आपोआप तिथेच पडतं.

त्याचा परिणाम ऐका. काकूंच्या भाचीला बघायला मुलगा आला. गोरा, उंच, पगार भरपूर. पोहे झाले, माणसं गेली, सगळे खूश. काकू शांतपणे म्हणाल्या, “चाल ऐटीची आहे, पण जिना चढताना दम लागला. पन्नास.” स्थळ मोडलं! मुलाकडच्यांना अजून कळलेलं नाही की पन्नास म्हणजे काय.

पुरुषमंडळी याहून बेरकी. त्यांचा देव डिक फ्रान्सिस. स्वतः जॉकी. १९५६ च्या ग्रँड नॅशनलमध्ये इंग्लंडच्या राजमातेचा डेव्हन लॉक घेऊन सगळ्यांच्या पुढे होता, शेवटची रेघ काही यार्डांवर, आणि धडधाकट घोडा एकाएकी चारी पाय पसरून बसला. का, ते आजवर कुणाला नीट उमगलेलं नाही. पुढच्या वर्षी त्यानं घोडा सोडला आणि लेखणी धरली. १९६२ पासून रहस्यकथांवर रहस्यकथा. खुनी कोण हे पहिल्या वाचनातच कळतं, मग पुन्हा कशाला वाचता, असं मी भाऊजींना विचारलं. म्हणाले, “खुन्यासाठी कोण वाचतंय? पहाटे तबेल्यात काय काय चालतं, त्यासाठी वाचतो.” आणि बिचारे खरंच बोलत असतील असं मला वाटत होतं, तोवर उशीखाली रेसचं पुस्तक सापडलं. पुण्याच्या रेसेस पावसाळ्यातच असतात, हा योगायोग म्हणायचा का?

त्यातून एक वंशावळवाला पंथ निघालाय. इंग्लंडमध्ये १७९१ पासून रेसच्या घोड्यांची कुळं छापून ठेवतात; आजचे सगळे थरोब्रेड वडिलांच्या बाजूनं तीन घोड्यांपाशी जाऊन पोहोचतात म्हणे. आपल्याकडची नोंद पुण्यात ठेवतात. स्वतःच्या पणजीचं माहेर कुठलं ते सांगता येत नाही, पण गोडॉल्फिन अरेबियनचं खानदान तोंडपाठ!

सगळ्यात वाया गेलेले म्हणजे निवृत्त संस्कृत मास्तर. त्यांनी तंजावरच्या सरस्वती महालाची १९५२ सालची प्रत कुठूनशी मिळवलीय, नकुलाच्या नावावरचं ‘अश्वशास्त्र’, चित्रांसकट. नकुल म्हणजे तोच, विराटाच्या घरी ग्रंथिक नाव घेऊन घोडे राखणारा. त्यात रंग, चाल, आवाज आणि अंगावरचे भोवरे. कुठला भोवरा धन्याला तारतो, कुठला बुडवतो! मास्तर आता नातवंडांच्या टाळूवरचे भोवरे तपासतात. सूनबाई माहेरी जायच्या बेतात आहेत. त्यावरही समाधान नाही. परवा भर चिखलात बेडसे लेण्यांना जाऊन आले. तिथल्या खांबांच्या माथ्यावर घोड्यांवर बसलेली जोडपी आहेत ना, दोन हजार वर्षांपूर्वीची? आपण जाऊन ‘काय सुंदर कोरलंय’ म्हणून परत येतो. यांनी मान मोडेस्तोवर वर बघत रिकिबी शोधल्या. नाहीत! तेव्हा इथे आजच्यासारख्या रिकिबी नव्हत्याच म्हणे. पाय लोंबकळत ठेवून ही माणसं कुठवर गेली असतील, या विचारानं मास्तरांना रात्रभर झोप नाही.

मी म्हटलं, इतकं घोड्याचं वेड आहे तर आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्या वाचा, पानापानावर टापा आहेत. तर वहिनी फणकारल्या. त्यात घोडा असतो कशाला, म्हणाल्या, धनी वर बसायला आणि शेवटी तोंडाला फेस येऊन कोसळायला. त्याला खरारा कुणी केला, तोबऱ्यात काय होतं, घाट उतरताना नाल निसटला तर पुढे काय, हे किती जण सांगतात? मला उत्तर सुचलं नाही, आणि ते आपल्यातच राहू द्या. भीमथडीच्या तट्टांना राज्यगीतात मान आहे, कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेनं त्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंदही केली. पण त्यातल्या एखाद्या तट्टाच्या तोंडून लिहिलेली जाडजूड मराठी कादंबरी माझ्या तरी पाहण्यात नाही. भीमेच्या खोऱ्यातून निघायचं, धनगराचा संसार पाठीवर घ्यायचा, पावसाआधी परत फिरायचं. केवढं रान पडलंय! बघा, मीही बोलायला लागले तसलंच. संगत, दुसरं काय.

भिशीचंही वाटोळं झालंय. पूर्वी सोडत निघायची, साबुदाणावडे व्हायचे, चार जणींची उणीदुणी निघायची. आता मायकेल मॉर्पर्गोचं ‘वॉर हॉर्स’ वाचून दाखवतात. पहिल्या महायुद्धात नेलेला जोई नावाचा घोडा तोफा ओढतो, आणि इकडे वडे गार होतात. मागच्या महिन्यात सोडत काढायचीच राहिली.

आणि आता कळस ऐका. वहिनी दत्तजयंतीला सारंगखेड्याला निघाल्या आहेत. तापीकाठी घोड्यांचा केवढा बाजार भरतो ते माहीत आहे ना? नुसतं बघायला जातोय, असं भाऊजींना सांगितलंय. मग सोसायटीच्या सेक्रेटरींकडे चौकशी कशाला केली, पार्किंगमध्ये आणखी एक जागा मिळेल का म्हणून? सेक्रेटरी बिचारे सरळमार्गी. दुचाकीचा दर लावायचा की चारचाकीचा, एवढंच त्यांनी विचारलं. वहिनी म्हणाल्या, पाय तर चारच आहेत, पण देखभाल खर्चात लीद उचलणं धरलंय का ते आधी सांगा.